गेटबाहेरचा लाँग शॉट

मनुष्याने दुसऱ्या मनुष्याकडे किती अंतरावरून पाहावे, या प्रश्नाचा निकाल आपल्या वाडवडिलांनी फार पूर्वीच लावून टाकला होता. मामलेदाराकडे कचेरीच्या पायरीखालून पाहावे, सावकाराकडे शक्यतो पाहूच नये व पाहणे भागच पडले तर आडवाटेने पाहावे, व्याह्याकडे तक्क्याला टेकून पाहावे आणि नव्या सुनेने सासऱ्यासमोर मान वर करू नये, असे सुटसुटीत व सर्वसंमत नियम असल्यामुळे डोळ्यांना स्वतंत्र बुद्धी चालविण्याचा प्रसंगच येत नसे. पुढे कॅमेरा आला. ज्या मुखाचे दर्शन चार हातांवरून घेण्याचीही कोणाची प्राज्ञा नव्हती, ते मुख पडद्यावर भिंतीएवढे होऊन आठ आण्यांच्या प्रेक्षकाच्या अंगावर आले, आणि या जुन्या बंदोबस्ताची घडी विस्कटली ती विस्कटलीच. हल्ली तर कॅमेरा प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात असतो, आणि लाँग शॉट, मिड शॉट, क्लोजअप, लो अँगल, हाय अँगल, ओव्हर द शोल्डर ही नामावळी त्याला बे एकं बेपेक्षा अधिक बिनचूक पाठ असते. तथापि कोणत्या वस्तूकडे किती जवळून पाहावे याचा निर्णय शॉटांच्या या व्याकरणावरून होत नसून, बहुतांशी वॉचमन, नातेवाईक, सुरक्षा अधिकारी आणि उसाचा ट्रॅक्टर यांच्या मर्जीवरून होतो, आणि पुष्कळदा तो निर्णय दिग्दर्शकाच्या निर्णयापेक्षा बरा ठरतो, असे माझे मत आमच्या वसाहतीत झालेल्या एका विद्यार्थी-चित्रीकरणानंतर बनले आहे.

आमची वसाहत कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत या भारदस्त नावाने सरकारदप्तरी नोंदलेली आहे. पुण्याहून बंगळुरास जाणारा महामार्ग कर्नाटकाच्या हद्दीत शिरण्यापूर्वी कागलपाशी येतो. तेथून आत वळले की एकेकाळच्या माळावर ओतकामाचे कारखाने, मशीनशॉप आणि कापडाच्या गिरण्या ओळीने उभ्या दिसतात. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने आपल्या काही मोठ्या वसाहतींस ही पंचतारांकित पदवी बहाल केली. रुंद रस्ते, पाणी आणि वीज एवढ्या गोष्टींची हमी तिच्यात अभिप्रेत असून, मुंबईहून प्रथमच येणारे पाहुणे ज्या पोहण्याच्या तलावाची चौकशी करतात तो तिच्यात अंतर्भूत नाही. या वसाहतीतील एका लहानशा फौंड्रीच्या कचेरीत हजेरीपट, रजेचे अर्ज, गेटपास आणि कँटीनची कुपने यांचा कारभार माझ्याकडे आहे. कला हा विषय माझ्या खात्यात यापूर्वी कधीही आला नव्हता.

तो आला तोही अर्जाच्या रूपाने. एका तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या स्नेहसंमेलनानिमित्त एक गाणे रचून, चाल लावून, ध्वनिमुद्रित करून घेतले होते, आणि त्याचा म्युझिक व्हिडिओ आमच्या कारखान्यात चित्रित करण्याची परवानगी मिळावी अशी त्यांची विनंती होती. अर्जासोबत सत्तावीस शॉटांची एक यादी परिशिष्ट म्हणून जोडलेली होती. गाणे साडेतीन मिनिटांचे होते. यादीत अनुक्रमांक, शॉट, स्थळ आणि भाव असे चार रकाने आखलेले असून, चौदाव्या क्रमांकावर ‘एक्स्ट्रीम क्लोजअप, नायकाचा डोळा, विरह’ अशी, तर एकोणिसाव्या क्रमांकावर ‘ड्रोन, संपूर्ण एमआयडीसी, एकटेपणा’ अशी नोंद होती. नोकरीत मालाच्या याद्या तपासण्यात केस पांढरे झालेल्या माणसाच्या नजरेस एक उणीव तत्काळ आली, ती अशी की कोणता शॉट किती वेळ ठेवायचा याचा रकाना त्या यादीत कोठेही नव्हता. मी तसे विचारले तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, ‘सर, ते एडिटिंगला बघायचं असतंय.’ व्यवस्थापकांनी अर्जावर ‘उत्पादनास अडथळा न येता योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारून प्रकरण माझ्याकडे वर्ग केले. या शेऱ्याचा अर्थ परवानगी आहे की नकार, हे गेली अनेक वर्षे आमच्या कचेरीत कोणीही निश्चितपणे सांगू शकलेले नाही.

गाण्याचे कथानक थोडक्यात सांगावयाचे तर असे होते, की शेतकऱ्याचा मुलगा शेत सुटल्यामुळे मशीनशॉपमध्ये कामास लागतो आणि त्याची प्रिया पुण्यास संगणकाच्या कंपनीत निघून जाते. असा विषय मराठीत आजवर कोणी हाताळलेला नाही, असे दिग्दर्शकाने मला मोठ्या विश्वासाने सांगितले. विषयाचा उत्तरार्ध नवा होता हे मला मान्यच आहे. पण जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी-कामगार होतो ही कथा जवळच्याच कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ या मूकपटात सांगून टाकली होती, आणि त्यातील तरुण शेतकऱ्याची भूमिका पुढे जगप्रसिद्ध झालेल्या व्ही. शांताराम यांनी केली होती. हे ऐकल्यावर दिग्दर्शकाने क्षणभर विचार करून विचारले, ‘त्यात ड्रोन होता का?’ नव्हता, असे उत्तर मला द्यावे लागले, आणि त्याच्या मुखावर मौलिकतेचे तेज पुनश्च प्रकट झाले.

चित्रीकरणाच्या दिवशी मंडळी दुपारी गेटवर हजर झाली. कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका दुकानदाराकडून दिवसाच्या भाड्याने आणलेला होता. नायकाची निवड बुलेट मोटारसायकलच्या मालकीवरून झाल्याचे त्याने स्वतःच मला प्रांजळपणे सांगितले. पहिला शॉट मशीनवर काम करणाऱ्या नायकाच्या हातांचा क्लोजअप असावा अशी योजना होती. परंतु आमचे वॉचमन माजी सैनिक आहेत, आणि सरहद्दीवर वीस-बावीस वर्षे जी शिस्त त्यांनी पाळली ती गेटवर शिथिल करण्याचे त्यांना काही कारण दिसत नाही.

‘हितनं म्होरं कॅमेरा न्हाई न्यायचा,’ ते म्हणाले.

‘मामा, परवानगी हाय की. हे बघा, साहेबांची सही.’

‘सही हाय. शिक्का कुठाय?’

शिक्का माझ्या टेबलाच्या खणात होता, खणाची किल्ली हिशेबनीसांकडे होती आणि हिशेबनीस बँकेत गेले होते. ते परत येईपर्यंत काय करावे हे न सुचल्यामुळे मुलांनी रस्त्याच्या पलीकडे तिकाटणे उभे केले आणि वेळ वाया जाऊ नये एवढ्याच हेतूने बंद गेटाचा एक लाँग शॉट लावून ठेवला. थोड्याच वेळात साडेतीनचा भोंगा झाला, पहिली पाळी सुटली, गेट उघडले, आणि डबे हातात घेतलेली, रुमालाने मान पुसणारी, मोटारसायकलींना किक मारणारी, बाहेर पडता पडता दुसऱ्या पाळीच्या लोकांशी दोन शब्द बोलणारी माणसांची मोठी गर्दी चौकटीच्या दोन्ही बाजूंनी ओसरत गेली. यादीत हा शॉट नव्हता. कॅमेरा बंद करावयाचे कोणाच्या लक्षात आले नाही म्हणून तो घेतला गेला, आणि ‘काढून टाकू’ असे म्हणून ठेवण्यात आला.

शिक्का उमटल्यावर मंडळी आत गेली ती थेट आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या ताब्यात. फौंड्रीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने हेल्मेट, चश्मा आणि लोखंडी टोकाचे बूट घातले पाहिजेत, हा नियम त्यांनी नायकासही लागू केला. ज्या केशरचनेवर सकाळचे दोन तास खर्च झाले होते ती पिवळ्या हेल्मेटाखाली गेली, ज्या डोळ्यात चौदाव्या क्रमांकाचा विरह प्रकट व्हावयाचा होता तो जाड काचेआड गेला, आणि क्लोजअपमध्ये जे उरले ते कोणत्याही पाळीतील कोणत्याही कामगाराचे नाक होते. दिग्दर्शकाने अधिकाऱ्यांस भावनेचे महत्त्व समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. अधिकाऱ्यांनी त्याला भट्टीतून उडणाऱ्या ठिणगीचे महत्त्व समजावून सांगितले. शेवटी असे ठरले की भट्टीच्या बाजूस नायकाचा लाँग शॉट घ्यावा आणि डोळ्याचा क्लोजअप कँटीनच्या मागे घ्यावा. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेले लोखंड साच्यात ओतले जात असता कॅमेऱ्याने त्या उजेडापुढे शरणागती पत्करली. धारेचा पांढरा पट्टा तेवढा दिसे आणि बाकी सर्व काळेकुट्ट होई. मुलांना ही तांत्रिक आपत्ती वाटली. मला मात्र त्या अंधारात ओतणाऱ्या माणसाची केवळ बाह्याकृती आणि त्याच्या हातातील आगीची धार पाहून, कमी उजेड हीही छायाचित्रणातील एक मालमत्ता आहे, असे वाटून गेले. ‘सावकारी पाश’ बाबुरावांनी १९३६ साली बोलपट म्हणून पुन्हा केला, त्यात अंधुक प्रकाशात दूरवरून दिसणारी एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे एक भेसूर रडणे एवढेच असलेला लाँग शॉट होता; तो आठवला की भान हरपते, असे मुंबईचे नामांकित निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी नमूद करून ठेवले आहे. झोपडी दूर होती, उजेड थोडा होता आणि कुत्र्यास मेहनताना द्यावा लागला असेल असे वाटत नाही.

कोल्हापूर शहराचा आणि कॅमेऱ्याचा संबंध केवळ पाहण्याचा नाही, तो घडविण्याचाही आहे, हे तेथील तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांस कोणीतरी सांगावयास हवे. आनंदराव आणि बाबुराव हे दोघे नात्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार होते. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता म्हणून तो आपणच बनवावा या खटपटीस ते लागले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबुरावांनी आपले सहकारी दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली काम तडीस नेले, आणि त्या स्वदेशी कॅमेऱ्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या लोकांनी पाहिला. त्यातील कीचकवध इतका खरा वाटला, की पुढे त्या दृश्यावर सेन्सॉरची कात्री चालली. १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. तात्पर्य, जवळ काय नाही याची यादी त्यांनी आधी केली आणि जवळ काय आहे त्यातून शॉट काढला. आमच्या विद्यार्थ्यांनी यादी उलट बाजूने केली होती. कॅमेऱ्यात काय काय होऊ शकते ते सर्व आधी लिहून काढून, ते कोठे खपवावे याचा शोध ते आमच्या कारखान्यात घेत होते. उदाहरणार्थ, कॅमेरा तिरका धरून घ्यावयाचा एक शॉट त्यांच्या यादीत होता, त्याच्या भावाच्या रकान्यात ‘अस्वस्थता’ लिहिलेले होते, आणि आमच्या मशीनशॉपमध्ये सर्व काही पाणसळ लावून समतल केलेले असल्यामुळे अस्वस्थ होण्यास योग्य अशी जागा त्यांना बराच वेळ मिळेना.

नायिकेचा प्रश्न अधिक नाजूक होता. ती त्याच वर्गातील विद्यार्थिनी असून, तिच्या वडिलांनी चित्रीकरणास संमती देताना एकच अट घातली होती: मुलगी दिसली तर चालेल, जवळून दिसली तरी चालेल, परंतु ती आणि तो बुलेटवाला एका चौकटीत दिसता कामा नयेत. अट ऐकून दिग्दर्शक हताश झाला, कारण यादीतील सहा शॉट दोघांचे एकत्र होते. वास्तविक त्या सद्गृहस्थांनी नकळत चित्रपटाच्या एका मूलतत्त्वाचाच पुरस्कार केला होता. रशियात लेव कुलेशोव या दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा निर्विकार चेहरा घेऊन त्याच्यापुढे एकदा सुपाचा वाडगा, एकदा शवपेटी आणि एकदा एक स्त्री असे वेगवेगळे तुकडे जोडून दाखविले, आणि त्या एकाच चेहऱ्यात प्रेक्षकांना भूक, शोक व अभिलाषा यथाक्रम दिसू लागल्या. आमच्या नायकाचा चेहरा निर्विकार ठेवण्यास दिग्दर्शकाला काहीच श्रम पडण्यासारखे नव्हते. तेव्हा नायक कागलात आणि नायिका कोल्हापुरात आपल्या घराच्या गच्चीवर, वडिलांच्या देखरेखीखाली, असे स्वतंत्र चित्रण करून प्रेम जोडकामात सिद्ध करावे असे ठरले. या पद्धतीचे पथ्य एकच असते: तो उजवीकडे पाहत असेल तर तिने डावीकडे पाहावे, म्हणजे दोघांच्या नजरा प्रेक्षकाच्या मनात मिळतात. घाईत तेवढेच राहून गेले. दोघेही उजवीकडे पाहत असलेले ते तुकडे एकापुढे एक लावल्यावर, विरहात पोळलेले दोन जीव दिसण्याऐवजी एकाच एस. टी.ची वाट पाहणारे दोन परके प्रवासी दिसू लागले. अखेर एका मुलाने संगणकावर नायिकेची चित्रे आरशातल्यागत उलटी फिरविली. त्यामुळे नजरा जुळल्या, मात्र तिच्या गच्चीवरून दिसणाऱ्या दुकानाची पाटी उलटी झाली. वडिलांची काही तक्रार आली नाही.

लो अँगलचा शॉट मात्र निर्वेध पार पडला, कारण जमिनीवर पालथे पडण्यास आमच्या वसाहतीत कोणाचीही परवानगी लागत नाही. खालून पाहिले असता मनुष्य थोर दिसतो या सिद्धांतानुसार कॅमेरावाला मातीत आडवा झाला, नायक शेडच्या पार्श्वभूमीवर उभा राहिला, आणि तो थोर दिसू लागला हे खरे. परंतु त्याच्यामागील पत्र्याची शेड आणि चिमणी त्याहून अधिक थोर दिसू लागल्या. हाय अँगलसाठी पाण्याच्या टाकीवर चढण्याचा बेत होता, तो सुरक्षा अधिकाऱ्यांनी केवळ भुवई उंचावून रद्द केला. मग ड्रोन निघाला. ज्या मुलाचा तो होता त्याने आजवर विवाहपूर्व चित्रीकरणांत पन्हाळ्याच्या तटबंदीवरून अनेक जोडपी उडविलेली होती, आणि परवानगी हा शब्द त्याच्या व्यवसायात कधी उच्चारला गेला नव्हता. परंतु २०२१च्या ड्रोन नियमांची प्रत माझ्या संग्रही होती. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरांच्या आतील आकाशात जमिनीपासूनच परवानगी लागते, आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात दोनशे फुटांवर लागते, अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनच्या चालकास प्रमाणपत्राची माफी आहे, आणि कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीस, म्हणजे शहरातून कागलला येण्याच्या वाटेवरच आहे, हे सर्व मी त्याला वाचून दाखविले. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘सर, ह्याचं वजन करून बघूया का?’ आमच्याकडे वजनकाटे विपुल असले तरी ते टनांवारी माल मोजणारे आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने ड्रोनचे वजन शून्य भरते. नियमाच्या दृष्टीने ते शून्य भरत नसल्यामुळे एकोणिसाव्या क्रमांकाचा एकटेपणा जमिनीवरच राहिला.

चालत्या कॅमेऱ्याच्या शॉटास ग्रंथांत रुळ आणि त्यांवरची ट्रॉली सांगितली आहे. आमच्याकडे ती उणीव माल हलविण्याच्या हातगाडीने भरून काढली. तिच्यावर कॅमेरावाल्यास बसवून दोघांनी ओढावे आणि समांतर अंतरावरून नायकाने गात चालावे, अशी योजना वसाहतीच्या रुंद रस्त्यावर झाली. येथे या कलेतील एक गंमत वाचकांस सांगितली पाहिजे. पडद्यावर नायक मंद गतीने चालत असता त्याचे ओठ गाण्याशी बिनचूक जुळलेले दिसावेत यासाठी, गाणे दुप्पट वेगाने वाजवितात, नायक त्या वेगाने ओठ हलवितो, चित्रण सेकंदाला पन्नास चौकटींनी होते आणि पुढे पंचवीस चौकटींनी दाखविले जाते. म्हणजे पडद्यावर जो मनुष्य दुःखाने जड झालेला दिसतो, तो प्रत्यक्षात अतिशय घाईत असतो. विरहाचे ते करुण गीत दुप्पट वेगाने, चिमणीच्या आवाजात, मोठ्या स्पीकरवरून रस्त्याला ऐकू येऊ लागले, आणि दुसऱ्या पाळीची माणसे चहाचे पेले हातात धरून गेटापाशी स्तब्ध उभी राहिली. कँटीनच्या आचाऱ्याने, ‘पोराला कुणीतरी पानी द्या रं,’ अशी सूचना केली. इतक्यात दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर साखर कारखान्याकडे निघालेला आला. गळीत हंगामात आमच्या भागातील ट्रॅक्टर स्वतःचे गाणे स्वतः वाजवीत चालतो आणि त्याच्या स्पीकरपुढे कोणत्याही तंत्रनिकेतनाचा स्पीकर टिकत नाही. ट्रॅक्टर दुःखी नायकाच्या आणि कॅमेऱ्याच्या बरोबर मधून गेला. नायक सवयीने ट्रॅक्टरच्या ठेक्यावर पावले टाकू लागला. आणि चालकाने आपल्यासाठीच हा समारंभ चालला आहे अशा समजुतीने हात वर करून मुजरा स्वीकारला.

पंधरवड्याने व्हिडिओ तयार झाला, आणि ज्यांच्या मशीनवर तो घेतला त्यांना आधी दाखवावा म्हणून मुलांनी तो आमच्या कँटीनमध्ये भिंतीवर लावला. ही सौजन्याची गोष्ट झाली व तिची नोंद मी येथे मुद्दाम करतो. साडेतीन मिनिटांत जे जे घेतले होते ते ते सर्व दाखविले गेले. हात, नाक, डोळा, चिमणी, बुलेटचे चाक, पुन्हा डोळा, गच्ची, तिरके मशीन, पाण्याचा थेंब, ट्रॅक्टर, पुन्हा डोळा, असे तुकडे दोन-दोन सेकंदांनी डोळ्यांपुढून निघून जात होते आणि कोणतीही वस्तू पुरती ओळखीची होण्याच्या आत तिची बदली होत होती. कामगारांचे लक्ष नायकाकडे मुळीच नव्हते. ज्याचे त्याचे मशीन केव्हा येते याची जो तो वाट पाहत होता, आणि ते आले की ‘त्यो बघ माजा लेथ!’ असे शब्द पुरे होण्यापूर्वीच पडद्यावर दुसरे काही आलेले असे. खेळ संपल्यावर एका वयोवृद्ध टर्नरने दिग्दर्शकास विचारले, ‘बाळ, मशीन चालू असताना कॅमेरा सारखा हलवत का हुतासा? जॉब निघूस्तोवर थांबायचं की.’ चित्रपटाच्या संकलनावर याहून नेमकी टीका मी अन्यत्र वाचलेली नाही. क्लोजअपला जवळ जाण्याइतकीच थांबण्याचीही आवश्यकता असते. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अमृतमंथन’ या चित्रपटात १९३४ साली शांतारामांनी टेलिफोटो भिंगाने राजगुरूचा एक डोळा पडदाभर दाखविला, तो अद्याप सांगितला जातो. आमच्या व्हिडिओत डोळा वारंवार आला, तरी तो कोणाचा याविषयी कँटीनमध्ये दोन पक्ष पडले.

मात्र एका ठिकाणी सर्व आवाज थांबले. गाण्याच्या मध्यभागी नुसते संगीत होते, तेथे भरण्यास काही उरले नाही म्हणून संकलकाने तो टाकून द्यावयाचा गेटाचा लाँग शॉट घातला होता, आणि संगीत लांब असल्यामुळे तो बराच वेळ तसाच राहिला होता. बंद गेट, भोंगा, गेट उघडते, पहिली पाळी बाहेर पडते. कॅमेरा हलत नाही, कोणी गात नाही, कोणी तिरके होत नाही. प्रत्येकाला स्वतःस शोधण्यास पुरेसा अवधी मिळाला, आणि जो सापडला त्याच्या नावाने हाका झाल्या. गाण्यातील एकटेपणा, जो ड्रोनलाही साधला नसता, तो गर्दी ओसरल्यावर रिकाम्या गेटात उभ्या राहिलेल्या नायकाच्या एका लहानशा आकृतीत दिसला. शिक्क्याची वाट पाहत तो तेथे कंटाळून उभा होता, ही माहिती फक्त आम्हा कचेरीतल्या लोकांस होती.

हा शॉट नवा नव्हे. १८९५ साली फ्रान्समध्ये लिऑन येथे लुमिएर बंधूंनी आपले जे पहिले चलच्चित्र घेतले ते कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचेच होते. कॅमेरा एका जागी, शॉट एकच, अवधी सुमारे पन्नास सेकंद. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी पॅरिसच्या लोकांनी ते तिकीट काढून पाहिले, आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हिंदुस्थानातील पहिला खेळ झाला त्यातही ते होते. म्हणजे चित्रपटकलेचा जन्मच मुळी पाळी सुटताना, गेटबाहेर, लाँग शॉटमध्ये झालेला आहे. लुमिएर बंधूंना एवढीच सोय होती की कारखाना वडिलांचा असल्यामुळे शिक्क्याचा प्रश्न उद्भवला नाही. आमच्या मुलांना तोच शॉट शिक्का नसल्यामुळे मिळाला. वॉचमन मामांना मी हा इतिहास सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘मग बरूबर जागंवर हुबं केलतं की म्या त्यास्नी.’ यात आत्मस्तुती असेल, पण असत्य काही नाही. कोठे उभे राहावे हे यादीतल्या सत्तावीस शॉटांपैकी एकालाही सांगता आले नाही, ते एका नियमाने सांगितले.

तेव्हा पुढील वर्षी जे विद्यार्थी येऊ इच्छितात त्यांना कचेरीतर्फे एवढीच विनंती आहे, की अर्ज निदान आठ दिवस आधी द्यावा. शॉटांच्या यादीत ‘वेळ’ असा पाचवा रकाना आखावा व तो प्रामाणिकपणे भरावा. ज्या शॉटापुढे भाव लिहिता येतो पण कारण लिहिता येत नाही तो काढून टाकावा. आणि मशीन दाखवावयाचे असेल तर जॉब निघेपर्यंत थांबावे. गेटासमोरचा रस्ता महामंडळाचा असल्यामुळे तेथून घ्यावयाच्या लाँग शॉटास आमच्या परवानगीची गरज नाही. पहिली पाळी साडेतीनला सुटते. आतील शॉटांसाठी अर्ज साध्या कागदावर चालेल, मात्र त्यावर प्राचार्यांचा शिक्का असावा.